चौसष्ट कोअरचा सर्व्हर

लॅबचे भाऊ रोज सकाळी साडेदहाच्या सुमारास माझ्या खोलीच्या दारात येऊन उभे राहायचे. आत यायचे नाहीत. कॉम्प्युटरच्या खोलीत चपला घालून यायचं नाही असा मीच नियम केला होता, आणि चपला काढायला-घालायला त्यांना वेळ नसायचा. उंबऱ्यावरूनच म्हणायचे, "ताई, पुन्हा अडकलं." मी हातातलं काम टाकून उठायची, सर्व्हरपाशी जायची आणि काहीतरी केल्यासारखं करायची. खरं म्हणजे करण्यासारखं काही नसायचं. दहा-पंधरा मिनिटांत ते आपोआप सुटायचं. मी काहीतरी केलं असं भाऊंना वाटायचं, की वाटत नसूनही ते तसं दाखवायचे, हे मला कधी कळलं नाही.

भाऊ आमच्या हॉस्पिटलच्या लॅबचे प्रमुख. वीस-पंचवीस वर्षं रक्त तपासत होते. मूळचे संग्रामपूरकडचे. बायको-मुलं तिकडेच, शेतीवर. हे इथे हॉस्पिटलमागे एक खोली घेऊन राहायचे आणि शनिवारी दुपारची एसटी धरून घरी जायचे. बोलणं अस्सल तिकडचं. हॉस्पिटल ट्रस्टचं, जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, एका तालुक्याच्या गावात. लोणार, सुलतानपूर, हिवरा आश्रम, अशा सगळीकडून पेशंट यायचे. सकाळी आठपासून केसपेपरच्या खिडकीवर रांग लागायची.

मी सुलतानपूरची. घरी भाजीपाल्याची शेती. शाळेत जायच्या आधी मेथीच्या जुड्या बांधून जाण्यात माझं बालपण गेलं. दहावीनंतर खामगावला कॉम्प्युटरचा डिप्लोमा केला आणि या हॉस्पिटलात केसपेपर टाइप करायला लागले. कॉम्प्युटर बघणारा माणूस वर्षभरात पुण्याला निघून गेला. मग त्याचं काम माझ्याकडे आलं, म्हणजे ते कोणी मला दिलं नाही, माझ्यावर येऊन पडलं. चुकत-माकत शिकले. पुस्तकं मागवली, मोडलं, पुन्हा जोडलं. अकरा वर्षं झाली तरी मी कंत्राटीच होते. दर एप्रिलमध्ये एक दिवस नोकरी तुटायची आणि दुसऱ्या दिवशी नवीन तारखेची ऑर्डर हातात पडायची.

हॉस्पिटलची सगळी माहिती एका डेटाबेसमध्ये असायची. पेशंटचं नाव, आधीचे आजार, औषधं, रक्ताचे रिपोर्ट, सगळं. तो डेटाबेस ज्या सर्व्हरवर चालायचा, तो आठ वर्षांचा जुना झाला होता. सकाळी केसपेपर निघायला लागले की त्याची गती मंदावायची, आणि लॅबचे रिपोर्ट सुरू झाले की जवळजवळ थांबायचीच. भाऊंच्या मशीनवर रक्ताचा आकडा पाच मिनिटांत यायचा, पण कॉम्प्युटरमधून छापील रिपोर्ट बाहेर पडायला पंधरा-वीस मिनिटं जायची. नातेवाईक लॅबच्या काचेवर हात आपटायचे. शिव्या भाऊ खायचे.

शेवटी ट्रस्टने नवीन सर्व्हर घ्यायचं ठरवलं. सचिवसाहेबांनी मला बोलावून काय घ्यायचं ते लिहून आणायला सांगितलं. अकरा वर्षांत पहिल्यांदाच मला कोणी काही विचारलं होतं. मी त्या कामाला इतकी लागले की घरी जेवतानाही वही शेजारी असायची.

तीन आठवडे मी नुसतं मोजलं. दर पाच मिनिटांनी सर्व्हर काय करतोय त्याची नोंद ठेवली. जुन्या सर्व्हरमध्ये दोन प्रोसेसर होते, प्रत्येकात आठ कोअर. कोअर म्हणजे प्रोसेसरमधला प्रत्यक्ष काम करणारा भाग. जितके कोअर, तितकी कामं एका वेळी. मला वाटत होतं, सोळाही कोअर दमून जात असतील. निघालं वेगळंच. रिपोर्ट अडकायचा तेव्हा एकच कोअर शंभर टक्के राबत असायचा आणि बाकीचे जवळजवळ रिकामे बसलेले असायचे. मी चार दिवस पुन्हा तपासलं, कारण माझा विश्वास बसेना. मग कारण सापडलं. आमचं सॉफ्टवेअर फार जुनं होतं, ज्यांनी बनवलं त्यांनी धंदा बंद केला होता. ते लॅबचा रिपोर्ट एका कोअरवरच तयार करायचं, काम वाटून द्यायचंच नाही. एक रिपोर्ट झाला की दुसरा, तो झाला की तिसरा.

म्हणजे कोअर वाढवून काही होणार नव्हतं. प्रत्येक कोअरचा वेग वाढायला हवा होता. मी दोन कंपन्यांचे प्रोसेसर एकेक करून बघितले. साधारण असं दिसलं की कोअर जसे वाढत जातात, तसा एकेकाचा वेग कमी होत जातो. चौसष्ट कोअरच्या यंत्रातला एक कोअर हा आठ कोअरवाल्यातल्या एका कोअरपेक्षा बराच मंद. दुसरी गोष्ट त्याहून मोठी होती. डेटाबेसचा परवाना कोअरच्या संख्येवर विकला जातो. कोअर जितके, परवाना तितका महाग, मग ते कोअर राबोत की झोपा काढोत. मी लिहिलं: एकच प्रोसेसर, आठ कोअर, जास्तीत जास्त वेगाचे, मेमरी भरपूर, आणि परवान्यात जे वाचेल त्यातून हेच यंत्र आणखी एक, पहिलं बंद पडलं तर लगेच चालू करायला. दीड पानात बसलं सगळं. खाली मोजमापाचे कागद जोडले. तो कागद लिहून झाला त्या दिवशी मला जितकं बरं वाटलं, तितकं नंतर त्या हॉस्पिटलात कधी वाटलं नाही.

भाऊंना मी तो वाचून दाखवला होता. त्यांना कोअरबिअर कळत नव्हतं. मी त्यांना म्हटलं, विहिरीच्या तळाशी एकाच माणसाला उभं राहायला जागा असेल, तर काठावर पन्नास मजूर बसवून खोदकाम लवकर होत नाही. खाली उतरणारा गडी तगडा पाहिजे. भाऊ लगेच समजले. म्हणाले, "हे तुमी मिटिंगीत अस्संच सांगा. त्याहिले समजन."

मीटिंगला सचिवसाहेब, दोन विश्वस्त, मोठे डॉक्टर आणि एक पुण्याचे सल्लागार होते. सल्लागार सचिवसाहेबांच्या जावयाचे मित्र. हे मला तिथे गेल्यावर कळलं. त्यांनी भिंतीवर रंगीत चित्रं दाखवली. दोन प्रोसेसर, प्रत्येकी बत्तीस, एकूण चौसष्ट कोअर. पुढच्या दहा वर्षांची सोय, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी आमचा जुना सर्व्हर पाहिलेला नव्हता. आमचं सॉफ्टवेअर कोणतं हेही त्यांनी चहा पिताना मला विचारलं.

माझी पाळी आली तेव्हा मी नीट, शुद्ध बोलायचं ठरवून उभी राहिले. पहिली दोन मिनिटं चांगली गेली. मग सल्लागारांनी मध्येच विचारलं की मोजमाप कुठल्या साधनाने केलं, आणि मी गडबडले. तोंडातून निघून गेलं, "ते मले सर्व्हरच्या नोंदीतूनच दिसलं." ते हसले. म्हणाले, "मॅडम, तुमचं हे 'मले' ऐकायला फार गोड वाटतं हां." सगळे हसले. सचिवसाहेब स्वतः मेहकरकडचे, घरी तेही मले-तुलेच बोलतात. तेही हसले. त्यानंतर मी विहिरीचं काही बोलले नाही. वेगाचं सांगितलं, परवान्याचं सांगितलं, पण आवाज खाली गेला होता आणि तो मला वर आणता आला नाही.

एक विश्वस्त म्हणाले की शेजारच्या तालुक्यातल्या हॉस्पिटलाने बत्तीसचा घेतलाय म्हणतात. सचिवसाहेबांनी माझा कागद हातात धरून विचारलं, "बाई, आठ मोठे का चौसष्ट?" मी म्हटलं, साहेब, आकडा तसा बघायचा नसतो. ते म्हणाले, "माणसाने आकडाच बघायचा असतो. लोक आकडाच बघतात." आणि कागद टेबलावर उलटा ठेवला.

चौसष्टचं ठरलं. मग परवान्याची किंमत आली. चौसष्ट कोअरचा परवाना घ्यायचा तर बांधकामाचा निधी वळवावा लागणार होता. यावर सल्लागारांनी तोड काढली. त्या मोठ्या यंत्राच्या आत सॉफ्टवेअरनेच एक छोटं यंत्र उभं करायचं, त्याला सोळाच कोअर द्यायचे, डेटाबेस त्यात चालवायचा आणि परवाना सोळाचाच घ्यायचा. बाकीचे अठ्ठेचाळीस पुढे लागतील तेव्हा लागतील. सगळ्यांना ही युक्ती आवडली.

जुन्या सर्व्हरमध्येही सोळाच होते. हे त्या खोलीत मला एकटीला दिसत होतं. मी मोठ्या डॉक्टरांकडे पाहिलं. ते मोबाइल बघत होते.

आठवड्याभराने सचिवसाहेबांनी मला बोलावलं. टेबलावर दोन फाइली होत्या. एकीत खरेदीचा प्रस्ताव, त्यावर तांत्रिक शिफारस म्हणून माझी सही हवी होती; ट्रस्टच्या नियमाप्रमाणे हॉस्पिटलातल्या माणसाची सही लागते, सल्लागाराची चालत नाही. दुसरी फाइल माझ्या कायम होण्याची. ती तीन वर्षं कुठेतरी पडून होती, ती मी प्रथमच डोळ्यांनी पाहिली. साहेब धमकी वगैरे काही देत नव्हते. अगदी घरच्यासारखं बोलत होते. माझ्या मुलीची शाळा कशी चालली आहे ते विचारलं. मग म्हणाले, "दोन्ही एकदमच पुढे पाठवून देऊ, म्हणजे तुमच्याही जिवाची कटकट मिटेल."

प्रस्तावाखाली टाइप केलेलं होतं: सदर यंत्रणा तांत्रिकदृष्ट्या योग्य व पुरेशी आहे. मी सही केली. विचार करायला वेळ मागितला नाही, घरी विचारते म्हटलं नाही. पेन त्यांचंच होतं, ते परत दिलं आणि बाहेर आले. पुढच्या महिन्यात मी कायम झाले. नवऱ्याने पेढे आणले. लॅबमध्ये मी स्वतः वाटले. भाऊंनी पेढा घेतला आणि विचारलं, "अन आपला सर्व्हर कोन्ता येऊन राह्यला?" मी म्हटलं, मोठा येतोय, चौसष्टचा. "तुमी त आठचा म्हनत होत्या," म्हणाले. मी म्हटलं, वरच्यांनी ठरवलं. सहीचं सांगितलं नाही.

सर्व्हर आला. नारळ फुटला, फोटो निघाले. त्याच कार्यक्रमात सचिवसाहेबांनी जाहीर केलं की आजपासून हॉस्पिटलात हाताने लिहिलेला रिपोर्ट चालणार नाही. डॉक्टरांनी कॉम्प्युटरवर रिपोर्ट बघायचा आणि त्यावरच औषध लिहायचं. टाळ्या पडल्या.

पहिल्या सोमवारी साडेदहाला भाऊ दारात उभे होते.

नवीन सर्व्हर जुन्यापेक्षा बरा तर नव्हताच, लॅबच्या बाबतीत काकणभर वाईटच होता. आठवडाभर मी पुन्हा वही घेऊन बसले आणि चूक सापडली. सल्लागारांच्या माणसाने ते आतलं यंत्र उभं करताना सोळातले आठ कोअर एका प्रोसेसरचे आणि आठ दुसऱ्याचे घेतले होते. प्रत्येक प्रोसेसरची मेमरी त्याच्याजवळ असते. इथे काम एका प्रोसेसरवर आणि माहिती दुसऱ्याच्या मेमरीत, असं झालं होतं. प्रत्येक रिपोर्टसाठी माहिती इकडून तिकडे हेलपाटे घालत होती. सोळाही कोअर एकाच प्रोसेसरवर आणले असते तरी बराच फरक पडला असता. वीस मिनिटांचं काम. पण मुख्य पासवर्ड सल्लागारांकडे होता. हॉस्पिटलच्या माणसाने हात लावला तर वॉरंटी जाईल असं करारात लिहिलेलं.

मी त्यांना फोन केला. ते म्हणाले बघतो. पुन्हा केला, तेव्हा त्यांच्या माणसाने सांगितलं की सॉफ्टवेअरच जुनं आहे, यंत्राचा काही दोष नाही. तिसऱ्यांदा कोणी उचललाच नाही. सचिवसाहेबांना एकदा जिन्यात गाठून सांगितलं. ते म्हणाले, "तुम्हीच तर योग्य म्हणून लिहून दिलं ना?" लेखी मात्र मी कोणालाच काही दिलं नाही. दिलं असतं तर सहीचा कागद कोणीतरी काढून त्याच्या शेजारी ठेवला असता, ही भीती होती. असे पाच महिने गेले. रोज साडेदहाला भाऊ यायचे, रोज मी उठून सर्व्हरपाशी जायची.

मग ती बाई आली. सुलतानपूरजवळच्या एका वाडीतली, पन्नाशीची, जुना मधुमेह, पाय सुजलेले. सकाळी भरती केली आणि रक्त लॅबमध्ये पाठवलं. अकराच्या आसपास भाऊंच्या मशीनने तिचं पोटॅशियम दाखवलं, ते इतकं वाढलेलं होतं की हृदय कधीही बंद पडावं. भाऊंनी पहिल्यांदा वॉर्डात फोन केला. सिस्टरने आकडा लिहून घेतला. पण ड्यूटीवरचा डॉक्टर नवीन होता, आणि कॉम्प्युटरवर रिपोर्ट दिसल्याशिवाय इंजेक्शन लिहायचं नाही असा लेखी नियम त्याला नुकताच हातात मिळालेला. तो कॉम्प्युटरसमोर बसून राहिला. त्या दिवशी गर्दी जास्त होती, रिपोर्ट लांब रांगेत अडकला होता. भाऊ माझ्याकडे आले, पहिल्यांदाच चपला घालून आत आले. मी सर्व्हर बघत होते. माझ्या हातात काही नव्हतं. त्यांना मी म्हटलं, थोडं थांबा, सुटेल.

ते थांबले. वीस मिनिटं, अर्धा तास. पुन्हा फोन केला, पुन्हा तेच. तासभर होत आला तेव्हा त्यांनी एका कोऱ्या कागदावर आकडा लिहिला, खाली सही केली, दोन जिने चढून वॉर्डात गेले आणि डॉक्टरला म्हणाले की मी लेखी देतोय, जबाबदारी माझी, इंजेक्शन दे. ते दिलं जाईपर्यंत ते खाटेशेजारून हलले नाहीत. मधल्या वेळात त्या बाईची शुद्ध गेली होती. तिला जालन्याला हलवलं. ती जगली. पण जगली ती मशीनवर रक्त धुवून घेण्यापुरती, आठवड्यातून दोनदा, हे मला नंतर गावाकडून कळलं. उशीर झाला नसता तर तिचं काय झालं असतं, हे कोणी छातीवर हात ठेवून सांगू शकत नाही. मीही नाही. पण तो तास मी विसरू शकणार नाही.

नातेवाईकांनी तक्रार केली. हॉस्पिटलला दोषी म्हणून कोणीतरी दाखवायला हवं होतं. भाऊंना नोटीस निघाली. आरोप दोन: रिपोर्ट वेळेत दिला नाही, आणि बंदी असताना हाताने लिहिलेला रिपोर्ट वापरला. एकाच माणसाने उशीरही केला आणि घाईही केली, असं त्या नोटिशीत लिहिलं होतं, आणि ते वाचून कोणाला काही चुकल्यासारखं वाटलं नाही.

चौकशीला तिघे बसले होते. सचिवसाहेब, एक विश्वस्त आणि बाहेरून आणलेले एक निवृत्त अधिकारी. भाऊ खुर्चीत हात मांडीवर ठेवून बसले होते. पांढरा शर्ट, इस्त्री केलेला. त्यांनी सांगितलं की मशीनवर आकडा वेळेत आला होता, कॉम्प्युटरच अडकला. ताईंना विचारा, त्यांना रोजचं माहीत आहे. मग मला बोलावलं.

माझ्यासमोर तो प्रस्ताव ठेवलेला होता. उघडून, माझी सही वर येईल असा. सचिवसाहेबांनी विचारलं, "सर्व्हरमध्ये काही दोष आहे काय?"

आता इतक्या दिवसांनी मी स्वतःला समजावायचा प्रयत्न करते की प्रश्नच तसा होता. दोष म्हणजे बिघाड. सर्व्हरमध्ये बिघाड नव्हता. एकही भाग खराब नव्हता, एकही दिवा लाल नव्हता. चौसष्टही कोअर उत्तम होते. चुकीचं यंत्र घेतलं, चुकीचं मांडलं, आणि दोन्ही मला माहीत होतं; पण ते कोणी विचारलं नव्हतं. मी म्हणाले, "सर्व्हरमध्ये दोष आढळलेला नाही."

लिहिणाऱ्याने ते लिहून घेतलं. निवृत्त अधिकारी भले होते, त्यांनी मला विचारलं की मग रिपोर्ट का अडकला. मी म्हटलं, सॉफ्टवेअर जुनं आहे. हेही खरं होतं. त्यांनी भाऊंना विचारलं, तुम्हाला यावर काही म्हणायचं आहे का. भाऊंनी माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही, चुकीच्या नळीत रक्त पाठवलं की ते ती नळी उजेडात धरून जसं बघायचे, तसं. म्हणाले, "नाई. ताई कॉम्प्युटरच्या जानकार हायत. त्याईचं बरोबर असन."

त्यांची निवृत्ती सात महिन्यांवर आली होती. कारवाई नको असेल तर राजीनामा द्या, असं त्यांना सुचवण्यात आलं. त्यांनी दिला. निरोप समारंभ झाला नाही. ज्या दिवशी गेले त्या दिवशी मी रजेवर होते. रजा मी मुद्दाम टाकली होती.

वर्ष सरलं, सल्लागारांचा करार संपला आणि पासवर्ड एका बंद पाकिटात माझ्याकडे आला. पुढच्याच रविवारी, ओपीडी बंद असताना, मी सोळाही कोअर एका प्रोसेसरवर आणले आणि मेमरी त्याच्याजवळची दिली. चहा गार व्हायच्या आत काम झालं. सोमवारी रिपोर्ट तीन-चार मिनिटांत बाहेर पडू लागले. आठ वेगवान कोअर घेतले असते तर याहून लवकर निघाले असते, पण हेही पुष्कळ होतं. लॅबमध्ये आता एक नवीन मुलगी प्रमुख होती. तिला काही बदल झालाय हेच कळलं नाही, कारण ती आठवड्यापूर्वीच रुजू झाली होती. दारात साडेदहाला कोणी आलं नाही. ट्रस्टच्या वार्षिक अहवालात छापून आलं की चौसष्ट कोअरच्या अद्ययावत सर्व्हरमुळे रुग्णांना रिपोर्ट अल्पावधीत मिळतात. मीच ते प्रूफ तपासलं.

या उन्हाळ्यात मी संग्रामपूरला गेले. नवऱ्याला खामगावला काम आहे म्हणून सांगितलं. खामगावहून शेगाव, तिथून वरवट बकालवरून पुढे. गाव विचारत विचारत घर सापडलं. भाऊ अंगणात बसून संत्र्याच्या झाडांना द्यायचं औषध डब्यात मोजून घेत होते. लॅबमध्ये घ्यायचे तसेच, डोळ्यांच्या पातळीवर माप धरून. बारीक झाले होते. मला बघून उठले, खाट पुढे सरकवली, आत चहाचं सांगितलं. वहिनींनी पाणी आणलं आणि मी कोण ते कळल्यावर लगेच आत गेल्या.

मी सगळं सांगायचं ठरवून गेले होते. सांगितलंही. सही, फाइल, प्रोसेसरची मांडणी, रविवारचं काम. कायम झाल्याचे पेढे वाटले तेव्हा सही होऊन गेली होती, हेही. ते बोट मापाच्या रेघेवर तसंच ठेवून ऐकत होते.

माझं संपल्यावर त्यांनी विचारलं, "गलत बसवलं हाय, हे तुमाले केव्हा मालूम पडलं?"

"पहिल्या आठवड्यात," मी म्हणाले.

"म्हंजे मी पाच महिने दारात येऊन उभा राहो, तवा तुमाले ठाऊक होतं."

मी हो म्हणाले.

"अन त्या बाईच्या दिवशी थांबा म्हनलं, तवाबी."

मी पुन्हा हो म्हणाले. त्यांनी मान हलवली. मला वाटलं आता ते काहीतरी म्हणतील, चिडतील; त्यासाठीच मी इतक्या लांब आले होते बहुतेक. पण त्यांनी औषधाचं माप डब्यात ओतलं, झाकण लावलं आणि हात धुवायला नळाकडे गेले. चहा आला. तो आम्ही प्यायलो. संत्र्यावर या वर्षी कोळ्याची कीड फार पडलीय असं त्यांनी सांगितलं. जालन्याला हलवलेल्या त्या बाईचं विचारलं, अजून आहे का म्हणून. मी म्हटलं, आहे. "बरं हाय," म्हणाले.

मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत आले नाहीत. एसटीला अजून दीड तास होता. मी स्टँडवरच्या सिमेंटच्या बाकावर बसले, ऊन फार होतं, आणि सचिवसाहेबांचा फोन आला. नेत्र विभागासाठी वेगळा सर्व्हर घ्यायचा आहे, किती कोअरचा घ्यावा ते लिहून आणा, म्हणत होते. मी लिहून आणते म्हटलं.